कातरलेला आवाज

पुएर्तो सेइबात कुणाचा श्वास थांबला, की घरचे लोक शवपेटी करणाऱ्या सुताराकडे नंतर जात; आधी येत एदेल्मिरा साबालेताच्या दाराशी. एदेल्मिरा हातातलं काम तिथंच टाकायची. गेलेल्या माणसाचं पूर्ण नाव, गाव त्याला कोणत्या नावानं ओळखायचं, कुणाचा मुलगा, कुणाची बायको, दफन केव्हा, एवढं शांतपणे विचारून घ्यायची आणि चेमाला हाक मारायची. चेमाच्या तीनचाकी टमटमच्या टपावर दोन भोंगे बांधलेले होते. ते सुरू झाले की आधी यंत्रात भरून ठेवलेले चर्चच्या घंटेचे तीन टोले ऐकू येत आणि त्यांच्या मागून एदेल्मिराचा आवाज मॅग्दालेना नदीच्या धक्क्यापासून वरच्या बाजारापर्यंत गल्लीबोळांतून फिरे. डोमिनो खेळणारे सोंगट्या पालथ्या ठेवत. बायका चुलीतलं लाकूड मागे ओढत. हात आपोआप कपाळाला जाऊन क्रूस काढत. आवाज काही गोड नव्हता, थोडा खरखरीतच होता. पण त्यानं सांगितलेलं कुणी पडताळून बघत नसे. गाव तिला मानानं ‘दोन्या’ म्हणे. दोन्या एदेल्मिरानं सांगितलं म्हणजे माणूस गेला.

मेलेल्यांवर कुणाचं पोट भरत नाही, म्हणून बाकीचे दिवस ती जिवंत माणसांचा माल विकायची. कापडाचं दुकान, दात काढणारा डॉक्टर, हरवलेलं गाढव, आणि सगळ्यात जास्त म्हणजे मासे. ‘बोकाचिको आला हो, फडफडीत ताजा! शेवटच्या चार माळा उरल्यात, मग म्हणाल सांगितलं नाही!’ असं ती ओरडायची तेव्हा बर्फाची पेटी काठोकाठ भरलेली असे. हे तिला ठाऊक होतं, चेमाला ठाऊक होतं आणि गिऱ्हाइकांनाही.

“काय हो दोन्या एदेल्मिरा, काल पण शेवटच्या चारच होत्या ना?” बायका दारातून विचारायच्या.

“त्या कालच्या शेवटच्या. या आजच्या शेवटच्या,” ती म्हणायची, आणि बायका हसत हसत टोपली घेऊन बाहेर यायच्या.

माशांसाठी एक आवाज आणि मरणासाठी दुसरा. एदेल्मिरानं या दोहोंची कधी मिसळ होऊ दिली नाही. एकदा शवपेटीवाल्यानंच सुचवलं, की दफनाची वेळ सांगून झाली की जाता जाता माझ्या दुकानाचंही नाव घे. तिनं त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं.

या टमटममध्येच नेइदिस वाढली. नेइदिस ही एदेल्मिराची मानसकन्या. बाप्तिस्म्याच्या वेळी तिला हातावर धरलं होतं ते एदेल्मिरानं, म्हणून नेइदिस तिला ‘माद्रिना’ म्हणायची. तिची आई पेत्रोना सीमेपलीकडे माराकायबोला कामाला गेली. सुरुवातीला निरोप यायचे, मग ते थांबले, मग पेत्रोना आहे की नाही हेही कळेनासं झालं. एदेल्मिराला स्वतःचं मूल नव्हतं. पोरगी तिच्या मांडीवर बसून गावभर फिरली. मासे विकताना शेवटचा शब्द ओढायचा कसा, मरणाची बातमी सांगताना नावाच्या आधी थांबायचं किती, हे सगळं तिनं ऐकून ऐकून उचललं. सात-आठ वर्षांची असताना ती मागच्या अंगणात कोंबड्यांसमोर उभी राहून, मक्याचं कणीस तोंडाशी धरून, कोंबड्यांच्या दफनाची वेळ सांगायची. एदेल्मिरा पोट धरून हसायची. पोरगी हुशार निघाली. बारांक्यियाला जाऊन शिकली आणि तिथंच एका कंपनीत लागली. कंपनी जाहिराती करायची आणि निवडणुका आल्या की निवडणुकाही.

त्या वर्षी गावात महापौराची निवडणूक होती. एका बाजूला आर्रिएता. वरच्या अंगाला त्याची गुरांची कुरणं. गावात तो फक्त निवडणुकीच्या आणि जत्रेच्या वेळी दिसे. दुसऱ्या बाजूला उबाल्दिना मेर्कादो, दवाखान्यात परिचारिका. ला प्लायिता म्हणजे नदीलगतची खालची वस्ती. तिथल्या लोकांना गोळा करून तिनं पाण्याची टाकी बांधून घेतली होती. सिमेंट सरकारी, पण खड्डे वस्तीनं खणले, विटा वस्तीनं वाहिल्या. टाकी झाली आणि वस्तीतल्या पोरांचे जुलाब थांबले. उबाल्दिना निवडून येणार, हे चहूकडे बोललं जात होतं.

निवडणुकीला दीड-दोन महिने असताना नेइदिस आली. एदेल्मिरासाठी पंखा आणला होता, चेमासाठी टोपी. दारातच गळ्यात पडली.

“माद्रिना, किती वाळलीस गं! जेवतेस की नुसती ओरडतेस?”

“ओरडल्याशिवाय जेवायला कोण देतंय? बस, भाजी शिजतेय.”

जेवताना नेइदिसनं काम सांगितलं. नदीकाठच्या गावांसाठी आरोग्याचा कार्यक्रम होता. पाणी उकळा, हात धुवा, पोरांना जपा. त्यासाठी तिला आवाज हवा होता. “तुझ्यासारखा आवाज राजधानीत शोधून सापडत नाही,” ती म्हणाली. “तिकडच्या बायका नुसत्या मध घातल्यासारख्या बोलतात. त्यांचं इथं कोण ऐकणार?”

मागच्या खोलीत भिंतीला गाद्या टेकवून दोघींनी ते काम केलं. नेइदिस एक वाक्य म्हणायची, एदेल्मिरा ते यंत्रात बोलायची. ‘पाणी उकळून प्या.’ ‘ताप असेल तर दवाखान्यात जा.’ ‘उघड्यावरचं पिऊ नका.’ ‘मुलांना देऊ नका.’

“काय देऊ नका?” एदेल्मिरानं विचारलं.

“शिळं, उघड्यावरचं… ते नंतर जोडू. तू नुसतं तेवढंच म्हण. आणि माद्रिना, असं मासेवाल्या आवाजात नको. ज्या आवाजात गेलेल्यांची नावं सांगतेस ना, त्या आवाजात.”

एदेल्मिरा थांबली. “तो आवाज यात कशाला?”

“कारण लोक तोच ऐकतात. जुलाबानं पोरं मरतात गं, अजून मरतात. एकदा तरी त्यांनी नीट ऐकावं.”

हे तिला पटलं. नेइदिसनं मग सगळ्या वस्त्यांची नावं एकेक करून म्हणायला लावली, त्यात ला प्लायिताही होती. विहीर, टाकी, नदी, असे सुटे शब्दही म्हणायला लावले. संध्याकाळी पोरगी निघाली तेव्हा एदेल्मिरानं तिच्या पिशवीत युकाच्या कंदाच्या वड्या बांधून दिल्या. नेइदिसनं त्यातली एक तिथंच उभ्या उभ्या खाल्ली आणि बोटं चाटली.

मतदानाच्या आदल्या दिवशी सकाळी एदेल्मिरा अंगणात युका सोलत बसली होती. लांबून घंटेचे तीन टोले आले. तिचा हात कपाळाकडे गेला. कोण गेलं असेल, असा विचार मनात आला आणि अर्ध्यावरच अडकला. कुणी गेलं असतं तर तिच्याच दाराशी आले असते. घंटा तर तिच्याच टमटमची होती, आणि चेमा समोर आंब्याखाली टायरात हवा भरत होता.

मग तिला स्वतःचा आवाज ऐकू आला.

“ला प्लायिता.” मग ती थांबायची तेवढीच शांतता. “टाकी. पाणी पिऊ नका. मुलांना देऊ नका. ताप असेल तर दवाखान्यात जा. ला प्लायिता. टाकी.”

पुन्हा तीन टोले पडले, आणि त्यांच्यामागून एक अनोळखी पुरुषाचा शांत आवाज आला, “ही टाकी कुणी बांधली, ते विसरू नका. आर्रिएता तुमच्या पोराबाळांच्या पाठीशी आहे.”

चेमानं पंप खाली टाकला. “दोन्या, तू… तू तर इथं आहेस!”

एदेल्मिरा उठली तेव्हा मांडीवरची सगळी सालं जमिनीवर पडली. ती अनवाणीच टमटममध्ये बसली.

ला प्लायिताला पोहोचेपर्यंत फार उशीर झाला होता. टाकीभोवती अख्खी वस्ती जमली होती. उबाल्दिना टाकीला पाठ लावून, हात पसरून उभी होती आणि पुरुष तिला बाजूला ओढत होते. एलिएसेर नावाचा मच्छीमार आपल्या लहान पोरीला खांद्यावर घेऊन ओरडत होता. पोरगी ओकली होती. कच्चे आंबे खाऊन पोरं ओकतात तशीच ओकली होती, पण त्या सकाळी कुणाला आंबे आठवत नव्हते. एकानं घण उचलला.

एदेल्मिरानं भोंगा लावला. “थांबा! पाण्यात काही नाही! ते मी बोललेले नाही!”

सगळे वळले. एलिएसेर टमटमपाशी आला. “आवाज तुझा नव्हता?”

“आवाज माझाच होता, पण…”

त्या ‘पण’च्या पुढचं कुणी ऐकलं नाही. “बघा, तीच म्हणतेय!” एक बाई किंचाळली. “सकाळी खरं बोलली आणि आता हिला गप्प बसवलंय कुणीतरी!” एदेल्मिरा सांगत राहिली, की पाण्यात विष नाही, विष कुणी घातलेलं नाही. सकाळच्या त्या निरोपात विष हा शब्दसुद्धा नव्हता. तो आता तिनंच आणला. गर्दीत तो या तोंडातून त्या तोंडात गेला, आणि टाकीच्या बुडाशी पहिला घण बसला.

पाणी पायऱ्यांवरून धो धो वाहत नदीकडे निघालं. ज्या पोरांना पाण्याजवळ जायची बंदी होती ती त्यातच नाचू लागली. उबाल्दिना खाली बसली. तिच्या पांढऱ्या सदऱ्याची एक बाही फाटून लोंबत होती. तिनं एदेल्मिराकडे पाहिलं आणि एकच विचारलं, “किती दिवसांपासून ठरलं होतं गं हे?” तीही धरून चालली होती, की एदेल्मिरा त्यात आहे.

आर्रिएताचं प्रचाराचं ठाणं बाजारातल्या जुन्या दारूच्या दुकानात होतं. नेइदिस आतल्या खोलीत कानाला यंत्र लावून बसली होती. माद्रिनाला दारात पाहिल्यावर तिनं ते काढलं आणि बाकीच्यांना बाहेर जायला सांगितलं.

“टाकी फोडली लोकांनी,” एदेल्मिरा म्हणाली.

नेइदिसचा चेहरा क्षणभर उतरला. “फोडतील असं कुणाला वाटलं होतं? नुसतं घाबरायला हवे होते.”

“नुसतं?”

“माद्रिना, बस. पाणी घे. यातलं एक वाक्य तरी खोटं आहे का, सांग मला. पाणी उकळावं, खोटं? ताप आला तर दवाखान्यात जावं, खोटं? टाकी उबाल्दिनानं बांधली, खोटं? पाण्यात काही आहे, असं आम्ही म्हटलंच नाही.”

“‘पाणी उकळून प्या’ म्हटलं होतं मी. त्यातलं ‘पाणी’ घेतलंस आणि ‘पिऊ नका’ दुसरीकडून आणलंस.”

“तूच म्हटलं होतंस. ‘उघड्यावरचं पिऊ नका.’”

“पोरी, मी तुला धान्य दिलं. दळलंस तू, आणि त्यात काय मिसळलंस तेही तुझंच.”

नेइदिस उठून खिडकीशी गेली. पाठमोरीच बोलली, “आणि शेवटच्या चार माळा? पेटी भरलेली असायची. मी तुझ्या मांडीवर बसून बघायचे. घाई कशी लावायची, सगळे घेतायत असं कसं भासवायचं, आवाज कुठं खाली आणायचा, हे मी बारांक्यियाला नाही शिकले. तिथं फक्त त्यांना नावं द्यायला शिकवलं. शिकवलंस तूच.”

हा घाव एदेल्मिराच्या वर्मी बसला. बाहेर कुणीतरी खोकलं.

“मासे विकताना मी कधी घंटा वाजवली होती?” ती शेवटी म्हणाली. “बोल ना. एकदा तरी? गिऱ्हाईक माझ्याशी हसायचं गं. त्याला खेळ ठाऊक होता. घंटा वाजली की लोक खेळत नाहीत. तू त्यांचं मरण घेतलंस आणि त्यावर मतं मागितलीस. आणि मला विचारलंसुद्धा नाहीस.”

“विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस?”

“नाही.”

“म्हणूनच.”

एवढंच झालं. मारामारी नाही, रडारड नाही. एदेल्मिरा निघाली तेव्हा नेइदिस म्हणाली, “अनवाणी आलीस? थांब, चपला देते,” आणि खरोखरच स्वतःच्या चपला काढायला वाकली. हे वाकणं एदेल्मिरा पुढे कितीतरी दिवस विसरू शकली नाही. कारण तेही खरं होतं.

दुपारी आर्रिएताची जीप गावात फिरली. आता नवा निरोप होता: दोन्या एदेल्मिरावर दबाव आणून तिला उलटं बोलायला लावलं जातंय, उबाल्दिनानं तिला विकत घेतलंय. म्हणजे ती गप्प बसली तर सकाळचं खरं, आणि बोलली तर विकली गेली. चेमा म्हणाला, “दोन्या, पुन्हा एक चक्कर मारू, ओरडून सांगू.” तिनं मान हलवली. सकाळी नाकारता नाकारता तिनंच लोकांच्या तोंडात विष हा शब्द घातला होता. तो पुन्हा घालायची तिची हिंमत नव्हती.

आर्रिएता निवडून आला. ला प्लायिताच्या निम्म्या लोकांनी त्याला मत दिलं, बाकीचे घराबाहेरच पडले नाहीत. नळाला पाणी नव्हतं म्हणून लोक पुन्हा नदीवर जाऊ लागले, आणि पोरांचे जुलाब परत आले. नवा महापौर टाकी बघायला एकदा आला, फोटो काढून गेला. पाण्यात काही सापडलं का, हे विचारायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

नंतर म्हातारी तोमासा गेली. नदीवर धुणी धुणारी, गावातल्या निम्म्या लोकांची लहानपणीची दुपटी धुतलेली बाई. घंटा वाजली. एदेल्मिरानं नाव घेतलं, वेळ सांगितली. डोमिनोवाल्यांनी सोंगट्या पालथ्या ठेवल्या नाहीत. एक जण म्हणाला, “आज काय विकायचंय?” दफनाला घरचे आणि शेजारचे, एवढेच लोक होते. तोमासाची मुलगी शवपेटीशेजारी उभी राहून रस्त्याकडे बघत होती, गाव येईल म्हणून. गाव आलं नाही. दफनभूमीतून परतताना एदेल्मिरानं चेमाला भोंगे खाली उतरवायला सांगितले.

“किती दिवस?” चेमानं विचारलं.

“उतरव म्हटलं ना.”

मग ती घरी बसून मक्याचे बोय्यो करू लागली. पानात गुंडाळून विकायचे, दारातच, न ओरडता. अंगणात कोंबड्या होत्या, त्या तिला बघवेनात. सगळ्या शेजारणीला देऊन टाकल्या. नेइदिसनं आणलेला पंखा मात्र चालूच राहिला. उकाडाच तसा असतो.

टाकी शेवटी वस्तीनंच दुरुस्त केली. उबाल्दिनानं पुन्हा लोक गोळा केले. पहिल्या रविवारी फारसं कुणी आलं नाही, दुसऱ्या रविवारी एदेल्मिरा गेली. कुणी तिच्याशी बोललं नाही. तिनं वाळूची बादली उचलली. दुपारपर्यंत ती वाळू वाहत राहिली, तेव्हा उबाल्दिनानं तिच्या हातात पाण्याची वाटी दिली.

“मला वाटलं तू त्यांच्यातली,” उबाल्दिना म्हणाली.

“मलाही तसंच वाटतं कधी कधी.”

“मूर्खासारखं बोलू नकोस. पी.”

त्यानंतरच्या पावसाळ्यात बाजारात एक औषधवाला आला. अंगात डॉक्टरी पांढरा कोट, गळ्यात नळी, समोर टेबलावर तपकिरी बाटल्या. गुडघ्यांचा काढा. गर्दीतली एक बाई लंगडत पुढे आली. म्हणाली, मागच्या महिन्यात एक बाटली घेतली होती, तेव्हा तर उठताही येत नव्हतं. आणि पाच पावलं सरळ चालून दाखवली. दोघातिघांनी लगेच हात पुढे केले. “घाई करा, शेवटच्या बाटल्या,” कोटवाला म्हणाला.

चेमाच्या हातात दोन बाटल्या आल्या होत्या. एदेल्मिरा बोय्योची पाटी घेऊन मागे उभी होती. टाकी फुटल्यापासून ती पहिल्यांदा हसली. हसू काही आनंदाचं नव्हतं. आपलं घर दुसऱ्यानं रंगवलेलं दिसावं, तसं काहीतरी तिला वाटलं.

“बाई, तुम्ही कुठल्या?” तिनं त्या लंगडणाऱ्या बाईला विचारलं. भोंगा नव्हता, पण आवाज पुरला.

“इथलीच, वरच्या आळीतली.”

“वरच्या आळीतल्या कोण? तुमचे आजोबा कधी गेले? आई कुणाच्या घरातली? या गावात पंचवीस वर्षं जो जो मेला, त्याचं नाव मी घेतलंय. कुणाचा कोण, ते सांगितल्याशिवाय कुणाला पुरू दिलं नाही. तुमचं माणूस माझ्याकडून कसं राहिलं?”

गर्दीत खसखस पिकली. कुणीतरी म्हणालं, “आणि ते तिघं हात वर करणारे? त्यांचे आजोबा कोण?” हसण्याचा लोटच आला. कोटवाल्यानं बाटल्या आवरल्या. चेमानं दोन्ही बाटल्या परत केल्या आणि कानापर्यंत लाल झाला.

त्या दिवशी एदेल्मिराला कळलं, की खोट्यासमोर उभं राहून ‘हे खोटं’ असं ओरडण्यात अर्थ नसतो. ते शिवलेलं कुठं आहे, तो टाका दाखवावा लागतो. मग लोक स्वतःच उसवतात. पुढच्या रविवारी मिस्सा सुटल्यावर ती चर्चसमोरच्या सेइबाच्या झाडाखाली उभी राहिली. पाटीत एक काळा पडलेला, नासका आंबा होता. “हा मी तुम्हाला विकणार आहे,” तिनं जाहीर केलं. “कसा फसवते, ते तुम्ही पकडायचं.”

ती आंब्याची तारीफ करू लागली. असा आंबा फक्त आपल्या आजोबांच्या काळात मिळायचा, म्हणाली. झाडाखालचे म्हातारे ओरडले, “आजोबा!” तो आंबा जो खाणार नाही त्याची पोरं उद्या उपाशी राहतील, म्हणाली. बायका ओरडल्या, “भीती घालतेय!” वरच्या आळीनं तर सगळी पाटीच उचललीय, म्हणाली, आणि शाळेतली पोरं कोकलली, “सगळे घेतायत!” शेवटची चाल कुणालाच सापडली नाही. तिनं आंब्याबद्दल एक अक्षर न बोलता फक्त विचारलं, “तुम्हाला तुमच्या पोरांची काळजी आहे ना?” सगळ्यांनी हो म्हटलं. “मग हा घ्या.” चार जणांनी हात पुढे केला, मग हातांकडे पाहिलं, आणि हशा पिकला.

दर रविवारी ते होऊ लागलं. लोकांनी चालींना आपापली नावं दिली. दुसऱ्याच्या वजनावर माल खपवायचा, जसा नटीच्या हातात साबण, ती चाल म्हणजे ‘पांढरा कोट’. विरोधकाला एखादं नाव चिकटवून ते पुन्हा पुन्हा म्हणायचं, ती ‘चिकटगोंद’. चेमानं तर कापडवाल्याच्या जाहिरातीवरही भर रस्त्यात ‘पांढरा कोट!’ म्हणून ओरडून कापडवाल्याची मैत्री गमावली.

एका रविवारी गर्दीच्या कडेला एलिएसेर होता. पोरगी आता उंच झाली होती, खांद्यावर मावत नव्हती. “दोन्या,” तो म्हणाला, “आमच्या वस्तीत जे झालं, त्याचं कधी सांगणार?”

एदेल्मिरानं चेमाकडे पाहिलं. त्यानं टमटममधून यंत्र आणलं. तिनं घंटेचे तीन टोले वाजवले, फक्त तेवढेच. झाडाखालच्या सगळ्यांचे हात कपाळाकडे गेले.

“बघा,” ती म्हणाली. “कुणी मेलेलं नाही. तुमचे हात मी हलवले. ज्यानं घंटा घेतली, त्यानं तुमचे हात घेतले. त्यानंतर त्यानं काय सांगितलं, ते तुम्ही ऐकलंच नाही.” मग तिनं सगळं सांगितलं, गाद्या, सुटी वाक्यं, कुठलं ‘पाणी’ कुठल्या वाक्यातून आलं. नेइदिसचं नाव तिनं घेतलं नाही. गावाला ते ठाऊक होतंच.

एलिएसेर पुढे आला. “घण मी घातला होता,” तो म्हणाला. “पहिला.”

“माहीत आहे मला.”

“पोरीनं आंबे खाल्ले होते, हे मला दुपारीच आठवलं होतं. पण तोवर फोडून झाली होती.”

पुढे भोंगे पुन्हा वर चढले. कुणी गेलं की घंटा वाजते, एदेल्मिरा नाव घेते, लोक दफनाला येतात. फक्त आधी कुणीतरी पोराला पिटाळतं, खरंच गेलंय का बघून ये म्हणून. उबाल्दिना म्हणते, हे चांगलं झालं. लोकांनी शहाणं व्हावं म्हणूनच तर सगळा खटाटोप. एदेल्मिरा हो म्हणते. पण पूर्वी तिनं नाव घेतलं की एका क्षणात गाव रडू लागायचं. आता गाव आधी खात्री करून घेतं.

नेइदिस आता राजधानीत आहे, मोठ्या लोकांच्या निवडणुका करते. मातृदिनाला तिचा निरोप चेमाच्या फोनवर आला. चेमानं तो आंब्याखाली बसून लावला.

“माद्रिना.” थोडी शांतता. “मी आहे गं. काही मागायला नाही बोलत. नुसतं… तुझी आठवण येते.” आवाज खाली गेला, जरा फाटला. “आई म्हणायला मला दुसरं कुणी नाही.”

“रडतेय पोर,” चेमा म्हणाला.

“पुन्हा लाव.”

त्यानं पुन्हा लावला. एदेल्मिरा डोळे मिटून ऐकत होती. नावानंतरची शांतता अगदी हवी तेवढी होती. ‘नुसतं’ या शब्दानंतरचं थांबणं जिथं हवं तिथंच होतं. ‘आई’वर आवाज खाली यायचा तो तिथंच आला होता. चेमानं तिसऱ्यांदा लावला, आणि तिला पुन्हा तेवढंच ऐकू आलं.

“फोन लावू का तिला?”

“लहानपणी ही पडली की दाराआडूनसुद्धा मला कळायचं, लागलंय की सोंग करतेय,” एदेल्मिरा म्हणाली. “आता कळत नाही, चेमा. आवाज कुठं कसा बसवलाय, तेवढंच ऐकू येतं.”

“मग काय करू? पुसून टाकू?”

“नको. राहू दे.”

ती उठली, पातेल्यातले बोय्यो पाटीत भरले आणि दाराशी जाऊन बसली.